कपड्यांची वही : का ठेवावी, कशी ठेवावी

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात वही ठेवणारी माणसे भरपूर असतात. बियाणे-खताच्या खर्चाची वही असते, बचत गटाची असते, दुधाची असते, किराणा दुकानात उधारीची असते. कपड्यांवर तर घरात दरवर्षी पैसा जातो आणि ते दिवसभर अंगाला लागून असतात, तरी त्यांची वही सहसा कोणाकडे सापडत नाही. कपाटात काय आहे हे दिवाळीच्या साफसफाईत कळते आणि काय नाही हे लग्नाला निघताना.

कपड्यांची वही म्हणजे स्वतःच्या वस्त्रांची स्वतः केलेली नोंद. काय घेतले, कशासाठी घेतले, कसे शिवले, कुठे घातले, त्यात कसे वाटले आणि शेवटी त्याचे काय झाले, एवढे तिच्यात असते. ही वही शाळेत जाणारी मुलगी ठेवू शकते, शिक्षक ठेवू शकतो, शेतात राबणारी बाई ठेवू शकते. तिला खर्च जवळजवळ नाही. तिच्यामुळे पुढची खरेदी शहाणपणाची होते, आहेत ते कपडे जास्त टिकतात आणि आपल्याला काय शोभते हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

## आपल्याकडच्या जुन्या नोंदी

कपड्यांची नोंद ठेवणे आपल्याला नवीन नाही. शिंप्याकडे मापाची वही असतेच. एका पानावर गिऱ्हाइकाचे नाव, खाली छाती, कंबर, उंची, बाही, मुंढा. अनेक शिंपी पावतीला त्याच कापडाची चिंधी टाचतात, म्हणजे कोणाचे कापड कोणते याचा घोळ होत नाही. परिटाकडे कपडे जात तेव्हा घरोघरी त्याची वही असे : धोतरे किती, सदरे किती, चादरी किती.

लग्नघरात तर दोन याद्या होतात. पहिली बस्त्याची : नवरीच्या साड्या, नवरदेवाचे कपडे, दोन्हीकडच्या मानकऱ्यांची लुगडी, टोप्या, दुपट्टे. दुसरी आहेराची : कोणी काय नेसवले, कोणी काय दिले. ही यादी पुढे कित्येक वर्षे जपून ठेवतात, कारण देणाऱ्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढाच मान परत करायचा असतो.

त्याच्याही मागे गेले तर मराठेशाहीतल्या अठरा कारखान्यांत जामदारखाना होता. वस्त्रे तिथे राहत आणि त्यांचा हिशेब लिहिला जाई. पोशाख कोणाला दिला, शालजोडी कोणाला दिली, हा राज्यकारभाराचा भाग होता.

या सगळ्या नोंदी देण्याघेण्याच्या आहेत. कापड किती आले, किती गेले हे त्यांतून कळते. ते नेसून दिवस कसा गेला, हे कळत नाही. अंगावर कापड घालणाऱ्याची बाजू लिहायची राहिली आहे आणि ती लिहिण्यासाठी ही वही.

## जगातली काही उदाहरणे

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात माथेउस श्वार्त्स नावाचा हिशेबनीस होता. फुगर या बड्या व्यापारी घराण्याची खातेवही तो सांभाळत असे. १५२० साली त्याने आपल्या कपड्यांची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली आणि १५६० पर्यंत हे काम चालू ठेवले. त्याच्या पुस्तकात १३७ चित्रे आहेत. प्रत्येक चित्राशी तारीख, वय आणि पोशाखाचे कारण. दिवसभर दुसऱ्याचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगावरच्या कापडाचाही हिशेब मोलाचा वाटला.

इंग्लंडमधल्या बार्बरा जॉन्सन या धर्मोपदेशकाच्या मुलीने १७४६ पासून १८२३ पर्यंत, म्हणजे लहानपणापासून म्हातारपणापर्यंत, आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे एका जुन्या हिशेबाच्या वहीत टाचले. तुकड्याजवळ कापड किती घेतले, भाव काय, कशासाठी शिवले हे ती लिही. तिच्या आप्तांच्या मृत्यूनंतरचे सुतकी कपडेही त्यात आहेत. ही वही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका सामान्य बाईची वही आज अठराव्या शतकातले कापड, भाव आणि घरगुती जीवन यांचा मोलाचा पुरावा मानली जाते.

तिसरे उदाहरण आपल्याला जास्त लागू आहे. ब्रिटिश अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांचे २० संच काढले गेले, त्यातले १३ ब्रिटनमध्ये आणि ७ भारतात ठेवले. हेतू उघड होता : भारतातली माणसे कोणत्या पोताचे, कोणत्या काठाचे, किती लांबीचे कापड वापरतात हे ब्रिटिश गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसा माल काढावा. आपल्या अंगावरच्या कापडाची बारीक नोंद तेव्हा दुसऱ्यांनी ठेवली आणि बाजार त्यांनी मिळवला.

मराठी मातीतले उदाहरण भानू अथैया यांचे. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये जे. जे. कलाशाळेत शिकल्या, नियतकालिकांसाठी वेशभूषेची रेखाटने करत चित्रपटांत आल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्करच्या मानकरी ठरल्या. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'आम्रपाली'पासून 'लगान'पर्यंतच्या त्यांच्या कामाचा पाया निरीक्षण होता. कोण काय नेसते, कसे नेसते, त्यावरून त्याचे काम, वय, परिस्थिती कशी कळते हे त्या कागदावर उतरवत. २०१० साली त्यांनी वेशभूषेच्या कलेवर पुस्तकही लिहिले. आपल्या वहीला एवढी मजल मारायची नाही, पण पाहणे आणि उतरवणे ही सवय तीच.

## कपाशीच्या मुलखात ही वही का हवी

कारंजा परिसर हा वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. पुढे कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' रेल्वे घातली गेली तीही मुख्यतः कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. इथला कापूस गठाणी बांधून बाहेर जायचा आणि कापड होऊन बाजारात परत यायचा.

आज सोयाबीन आणि तूर वाढली असली तरी पऱ्हाटी या भागातून गेलेली नाही. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करणारी घरे आहेत. वेचणीला जाणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालतात, म्हणजे वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडांनी हात ओरबाडत नाहीत. कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओट्यात कापूस गोळा होतो. हा पोशाख कोणत्या दुकानात मिळत नाही. तो कामातून, अनुभवातून घडलेला आहे आणि अतिशय योग्य आहे. कोणत्या कामाला कोणते कापड चालते हे इथल्या बायांना पाठ आहे, फक्त ते कुठे लिहिलेले नाही.

कापूस पिकवणाऱ्या घरांच्या कपाटात पॉलिएस्टर जास्त असते हेही तितकेच खरे. ते स्वस्त असते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र आपण काय वापरतो आणि का वापरतो हे माहीत असावे. घरातल्या एकूण कपड्यांपैकी सुती किती, हे वहीची चार पाने लिहिली की स्वतःच्या डोळ्यांना दिसते.

## वही कशी आखावी

हिशेबाच्या जुन्या पद्धतीत रोजकीर्द आणि खतावणी असे दोन भाग असतात. कपड्यांच्या वहीलाही हीच रचना उत्तम. शंभर पानी साधी वही घ्यावी. पुढून खतावणी सुरू करावी, म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या कपड्याला एक पान. मागून रोजकीर्द, म्हणजे रोजच्या वापराच्या नोंदी.

खतावणीच्या पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. क्रमांक आणि नाव. उदाहरणार्थ, 'क्र. ७, पांढरा सुती कुर्ता'. रोजकीर्दीत मग नुसता क्रमांक लिहिला तरी भागते.

२. कधी आणि कुठून आला. विकत घेतला, आहेरात आला, बहिणीने दिला, सरकारी योजनेत मिळाला, जे असेल ते.

३. कापड. धागा कोणता, मीटर किती, पन्हा किती, आणि जमल्यास कापडाचा लहानसा तुकडा.

४. खर्च. कापडाचा भाव, शिलाई, अस्तर, फॉल-पिको हे वेगवेगळे लिहावेत. शिवलेल्या कपड्यात शिलाईचा वाटा किती मोठा असतो ते त्यामुळे कळते.

५. माप. शिंप्याने घेतलेले माप आपल्या वहीतही उतरवून घ्यावे. शिंपी बदलला, गाव बदलले तरी माप आपल्याजवळ राहते.

६. का घेतला. हा सर्वांत महत्त्वाचा रकाना. त्याविषयी पुढे.

७. धुणे, दुरुस्ती, फेरफार.

८. शेवट. कोणाला दिला, कशात वापरला.

कापड घेण्याआधी काही मापे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तर दुकानात उपयोगी पडतात. एक वार म्हणजे ०.९१ मीटर. नऊवार लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास, सहावार साडी साडेपाच मीटरच्या आसपास. कुर्त्याला, पोलक्याला, पायजम्याला आपल्या अंगाप्रमाणे आणि पन्ह्याप्रमाणे किती लागले हे एकदा लिहिले की पुढच्या वेळी ताग्यातून जास्तीचे कापड फाडून घ्यावे लागत नाही आणि कमी पडले म्हणून बाही आखूड करण्याची वेळ येत नाही.

## कापड ओळखणे आणि नमुना ठेवणे

शिंप्याकडून कपडा आणताना उरलेली चिंधी मागून घ्यावी. सुपारीएवढा तुकडाही पुरतो. तो डिंकाने न चिकटवता सुईदोऱ्याने दोन टाके घालून पानाला अडकवावा. डिंकाने कापड कडक होते, रंग बदलतो आणि कीड लागते. तयार कपडे घेतले असतील तर आतल्या शिवणीला लावलेली पट्टी वाचून त्यावरचे धाग्याचे प्रमाण लिहावे.

धागा कोणता याची शंका असेल तर दोन-चार सूत काढून, चिमट्यात धरून, मोकळ्या जागी पेटवून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्यात राख आणि गोळी दोन्ही दिसतात. लहान मुलांनी हा प्रयोग मोठ्यांसमोरच करावा.

हातमाग, रेशीम आणि खादीसाठी आपल्याकडे सरकारी खुणा आहेत : हँडलूम मार्क, सिल्क मार्क, खादी मार्क. महाग साडी घेताना यांपैकी कोणती खूण होती ते लिहावे. विदर्भाच्या टसर रेशमाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशी साडी घरात असेल तर तिच्या पानावर विणकराचे गाव, दुकान आणि साल न विसरता लिहावे. चाळीस वर्षांनी ती साडी कोणाच्या हाती जाईल तेव्हा तिच्यासोबत तिची माहितीही जाईल.

## रोजकीर्द : दोन ओळी पुरेत

रोज लिहिणे जमले तर उत्तम. न जमल्यास आठवड्यातून तीनदा. नोंद लहान असावी, पण खरी असावी. 'छान दिसला' एवढ्याने पुढे काही उपयोग होत नाही. कुठे गेलो, हवा कशी होती, कापडाने कशी साथ दिली, काय खटकले, हे लिहावे. नोंदी अशा होतील :

'१२ मे. क्र. ७, पांढरा कुर्ता. कारंज्याला बँकेत. ऊन फार, पण पाठीला कापड चिकटले नाही. खिसा उथळ आहे, मोबाइल निसटतो. पुढच्या वेळी खिसा दोन बोटे खोल सांगायचा.'

'३ ऑगस्ट. क्र. १९, निळी सिंथेटिक साडी. शाळेत. येताना भिजली, पंख्याखाली लगेच वाळली. चालताना पायाला गुंडाळते. पावसाळ्यात बरी, लांब चालायचे असेल तर नको.'

अशा नोंदी हवापाण्याप्रमाणे स्वतःच वेगळ्या होतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. तेव्हा सैल, फिकट, सुती कपडे आणि डोक्याला दुपट्टा हीच खरी शैली. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायजम्याच्या कडेला लागला की सहज निघत नाही. म्हणून गडद रंग आणि आखूड उंची. हिवाळ्यात पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्याला स्वेटरपेक्षा वारा अडवणारे जाकीट उपयोगी पडते का, हे त्याची स्वतःची नोंदच सांगेल. मोठ्या शहरांसाठी लिहिलेले पोशाखाचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. धनजच्या हवेला, रस्त्याला, कामाला काय चालते याचे ज्ञान धनजच्याच माणसाकडे आहे.

ज्याला चित्र काढता येते त्याने काढावे. काठ कसा होता, गळा कसा होता हे दोन रेघांत दाखवता येते. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण फोटोसोबत दोन ओळी वहीत हव्यातच. फोटोवरून कपडा कसा दिसला ते कळते, टोचला की नाही ते कळत नाही.

## 'का' हा रकाना

आपण एखादा कपडा का घालतो याचे उत्तर वरवर सोपे वाटते. खोलात गेले की त्यात आपली परिस्थिती, स्वाभिमान, भीती, आवड सगळे सापडते. महाराष्ट्राच्या इतिहासात कपड्याने फार मोठे बोल बोललेले आहेत.

१८८८ साली पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानाचा समारंभ झाला. भरजरी पोशाखांच्या त्या सभेत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. हिंदुस्थानची खरी रयत कशी राहते हे त्यांना दाखवून द्यायचे होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडून द्या, असे त्यांनी सांगितले. बायांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. लुगडे तेच, पण ते घोट्यापर्यंत आले आणि त्यासोबत ताठ मानेने चालणे आले. बाबासाहेबांचा स्वतःचा कोट-टायचा पोशाखही असाच अर्थपूर्ण होता.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी उलट वाट धरली. चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा आणि गाडगे. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. त्या वेषात ते गावोगाव गेले आणि लोकांनी त्यांचे ऐकले.

तीन माणसे आणि तीन वेगळे पोशाख. प्रत्येकामागे ठाम कारण होते. त्यांची कारणे नोंदली गेली म्हणून आपल्याला माहीत आहेत. आपली कारणे आपण नाही लिहिली तर दुसरे कोण लिहिणार? 'नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी घेतला', 'सगळ्या घेत होत्या म्हणून घेतली', 'आईला हा रंग आवडायचा म्हणून', 'जाड दिसू नये म्हणून काळा', 'स्वतःच्या कमाईची पहिली साडी'. अशी सच्ची उत्तरे वहीत येऊ लागली की आपल्या निवडीतले कोणते स्वतःचे आणि कोणते दुसऱ्याच्या नजरेचे, हे वेगळे दिसू लागते. शैली म्हणतात ती इथूनच तयार होते. महागड्या कपड्यांशी तिचा फारसा संबंध नाही.

## पैशाचा हिशेब

कपड्याची खरी किंमत त्याच्या वापरावर ठरते. ३,००० रुपयांची साडी तीनदाच नेसली तर प्रत्येक नेसण्याला १,००० रुपये पडले. कापड आणि शिलाई धरून ६०० रुपयांत झालेला कुर्ता ६० वेळा घातला तर एका वेळचे १० रुपये. खतावणीच्या पानावर वापराच्या रेघा मारत गेले की वर्षअखेर हा हिशेब सहज निघतो.

यात एक तारतम्य हवे. लग्नातला शालू किंवा आजीने दिलेली पैठणी या मापाने मोजू नये. अशा वस्त्राची किंमत आठवणीत असते. पण दर सणाला घाईने घेतलेले, दोनदा घालून बाजूला पडलेले कपडे मात्र या हिशेबात उघडे पडतात. बस्त्याच्या वेळी तर ही वही फारच कामी येते. मागच्या लग्नात मानपानासाठी घेतलेल्या साड्यांपैकी किती कोणी खरोखर नेसल्या, हे प्रामाणिकपणे लिहिले तर पुढच्या लग्नात कर्ज काढून बस्ता मोठा करण्याचा हट्ट कमी होईल. कपाशीच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून आहे, तिथे ही बचत लहान नाही.

## जपणूक, दुरुस्ती आणि शेवटचा वापर

कापड फाटण्याच्या बऱ्याच आधी हयगयीने खराब होते. म्हणून धुण्याच्या नोंदी हव्यात. नवे सुती कापड आटते, त्यामुळे शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढावे आणि किती आटले ते लिहावे. रंग जाणारा कपडा कोणता हे पहिल्या धुण्यालाच कळते. त्याच्या पानावर ठळक लिहून ठेवले तर घरातले दुसरे कोणी तो पांढऱ्या कपड्यांत भिजवणार नाही.

जरीची साडी एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिली की त्या रेषेवर चिरते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालावी आणि पानावर तारीख टाकावी. रेशमी वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळावे. कसर लागू नये म्हणून अधूनमधून सावलीत वारा द्यावा.

उसवलेली शिवण, तुटलेले बटण, सैल झालेले इलॅस्टिक यांची यादी रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर ठेवावी आणि महिन्यातून एकदा बसून ती संपवावी. अनेक कपडे केवळ एका बटणापायी कपाटात पडून असतात.

कपडा अगदी विरला तरी आपल्या घरात तो लगेच टाकत नाहीत. शर्ट शेतात जातो, धोतराची फडकी होतात, साड्यांची वाकळ होते. आजीने शिवलेल्या वाकळीत कोणाकोणाची लुगडी आहेत हे तिला तुकड्यातुकड्याने सांगता येते. तिने सांगितलेले वहीत उतरवून घ्यावे. कपड्याच्या पानावर 'शेवट' या रकान्यात 'वाकळीत गेली, साल अमुक' असे लिहिले म्हणजे ते खाते नीट पुरे झाले.

## घरातल्या वडीलधाऱ्यांची पाने

वहीची शेवटची दहा-पंधरा पाने घरातल्या आणि गावातल्या जुन्या माणसांसाठी राखावीत. नऊवारीचा काष्टा वऱ्हाडात कसा घालतात, शेतात जाताना तो कसा खोचतात, पटका किती हात लांब असे आणि कसा बांधत, बंडीला खिसे किती, कोणत्या सणाला काय नेसत, हे सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे.

वाशिम जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ त्यांचे मोठे श्रद्धास्थान. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या फेट्या म्हणजे घागरे, कांचळी म्हणजे चोळ्या, त्यांवरचे आरसे, कवड्या आणि भरतकाम हे सारे हाताने केलेले. रोज हा वेष करणाऱ्या बाया आता मुख्यतः वृद्ध आहेत. नातीने आजीसमोर बसून एकेका टाक्याचे नाव लिहून घेतले, तो कोण शिकवत असे, एक घागरा भरायला किती काळ लागे हे विचारले, तर ते पान कोणत्याही संग्रहालयाला हवेसे वाटेल. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर मोठा ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथांना शिल्पे, चित्रे, पोथ्या यांचा आधार घ्यावा लागतो. आपल्याला तर साक्षीदार घरातच बसलेला आहे.

विचारताना मानाने विचारावे. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी. आणि सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहावेत.

## काही पथ्ये

ही वही स्वतःची आहे. ती कोणाला दाखवायची की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवावे. वयात येणाऱ्या मुलीची वही घरातल्यांनी उघडून वाचू नये आणि तिच्या कपड्यांवर पाळत ठेवण्यासाठी तर मुळीच वापरू नये.

माप बदलले तर ते सरळ लिहावे, त्यासोबत स्वतःला दूषण लिहू नये. बाळंतपण, आजार, वय, कष्ट यांनी शरीर बदलतेच. कपड्याने शरीराप्रमाणे बदलायचे असते, उलटे नव्हे. दुसऱ्याच्या कपड्यांवर किंवा अंगावर शेरे लिहिण्यासाठीही ही जागा नाही.

नोंदी बुडाल्या तर मागचे भरत बसू नये. आजच्या तारखेपासून पुढे सुरू करावे.

## वर्षातून दोनदा वाचन

लिहिलेले वाचले नाही तर अर्धा उपयोग वाया जातो. गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या साफसफाईआधी वही घेऊन कपाटासमोर बसावे आणि चार प्रश्न विचारावेत. सर्वांत जास्त वेळा काय घातले? एकदाही काय घातले नाही आणि का? कोणती तक्रार पुन्हापुन्हा लिहिली गेली? कोणत्या कपड्यात आपल्याला मोकळे वाटले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तुमची खरी शैली. दुसऱ्या उत्तरातले कपडे ज्याला उपयोगी पडतील त्याला द्यावेत. तिसरे उत्तर शिंप्याकडे घेऊन जावे. चौथ्यावरून पुढची खरेदी करावी. ही चार उत्तरे हातात असलेला माणूस सेलच्या पाटीला भुलत नाही आणि दुकानदाराच्या 'तुम्हाला खूप शोभते' यालाही भुलत नाही.

## सुरुवात आजच

घरात मुलांची अर्धी कोरी राहिलेली वही असतेच, तीच घ्यावी. कपाटातले सर्वांत आवडते पाच कपडे काढून पहिली पाच पाने लिहावीत आणि प्रत्येकाचा 'का' हा रकाना भरल्याशिवाय पान उलटू नये. आईला, आजीला जवळ बसवून त्यांचेही एक पान त्याच दिवशी लिहून घ्यावे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसांच्या अंगावर काय होते आणि ते तसे का होते, हे पुढच्या पिढीला सांगण्याचा हक्क आणि जबाबदारी आपली आहे. ती दुसऱ्यावर सोडू नका.